फिनेलच्या वासाची गाडी

फिनेलचा उग्र वास आला की मला द्वारका चौकाजवळचं ते जुन्या गाड्यांचं आवार आठवतं. मी तेव्हा नववीत होते. आईला टीबी झाल्याचं कळल्यावर पंचवटीतल्या घरमालकांनी आम्हाला खोली सोडायला लावली होती, आणि तिचा खोकला ऐकला की दुसरी खोली कुणी देत नव्हतं. शेवटी वडील म्हणाले, एखादी जुनी मोठी गाडी घेऊ आणि तिच्यातच राहू. दुपारभर उन्हात हिंडल्यावर आम्हाला परवडेल अशी एकच गाडी निघाली. तिच्या काचा पांढऱ्या रंगवलेल्या होत्या, आत दोन लांब बाकडी होती आणि सगळ्या पत्र्याला फिनेलचा वास येत होता. "खोटं नाय सांगत भाऊ," विकणारा म्हणाला, "घोटीकडं मयत न्यायला होती ही. म्हणून कोणी घेत नाय." वडील मागे फिरले. आई मात्र आत चढली, बाकड्यावर आडवी झाली आणि मनसोक्त खोकली. कितीतरी दिवसांनी तिने तोंडावर पदर धरला नव्हता. "हीच घ्या," ती म्हणाली. "हिच्यात खोली सोडा म्हणणारं कोणी नाही." तपोवनात गोदावरीच्या काठी गाडी लावून आम्ही चार महिने राहिलो. आई त्याच बाकड्यावर गेली. परवा आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरू बाईंचा खोकला थांबेना, तेव्हा आमचे हे म्हणाले, त्यांना खोली सोडायला सांगू या. मी नको म्हणाले नाही. पोळ्या लाटत राहिले.