करदोडा ढिला झाला ते वर्ष

माझ्या भाच्याचं पोटाचं ऑपरेशन आहे. वजन कमी व्हावं म्हणून आतली पिशवीच कापून लहान करतात म्हणे. डॉक्टरनं त्याला बजावलंय, आधी थोडं वजन स्वतः उतरवून या, मगच सुरी लावतो. भाच्याला सुरीची भीती नाही, लोकांची आहे. आजवर जाड म्हणून हसले, आता वाळला म्हणून काहीबाही बोलतील. मला विचारतो, मामा, तुमच्या वेळेस काय झालं होतं? मी शाळा दुसरीत सोडली. लिहिताना हात अडखळतो. पण हे मी दुसऱ्याकडून लिहून घेणार नाही. पोट माझं होतं, हातही माझाच चालेल.

पन्नास सालानंतरची गोष्ट. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, मोठं काही दुखलं की अकोला. आमचं गाव मेडशीच्या अलीकडे, शेतात कपाशी, ज्वारी आणि तूर. मी जाड होतो आणि त्याची मला लाज नव्हती. बाप गेल्यावर घर खांद्यावर आलं, ते पेलायला खांदेही तसेच होते. रोडग्यांची पंगत बसली की लोक मला मुद्दाम मधे बसवत. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे तुपात बुडवून वाढणारा माझ्यासमोर आला की पुढे सरकायचाच नाही.

"भाऊ, अजून दोन टाकू?"

"दोन कायले? टोपलंच ठेव इथं."

ह्याच अंगात मी एक दुखणं लपवलं होतं. अंतरगळ. ओझं उचललं की जांघेतून आतडं खाली उतरायचं आणि लिंबाएवढी गाठ यायची. उताणं पडून दाबली की आत जायची. वर लंगोट घट्ट बांधायचा आणि कामाला लागायचं. कोणाला सांगणार? जागाच तशी. पण दसऱ्याच्या आधी बैलगाडी चिखलात रुतली, मी चाकाला खांदा लावला, आणि त्या दिवशी गाठ आत जाईचना. बांधावर पडून आभाळाकडे पाहत राहिलो, अंगाला घाम फुटलेला. शेवटी कशीतरी गेली. दुसऱ्या दिवशी जऊळका स्टेशनावर जाऊन अकोल्याची आगगाडी धरली.

डॉक्टरनं गाठ पाहिली, मग माझ्या पोटाची चिमूट धरली. चिमूट कसली, मूठ.

"ह्या चरबीतून मी तिथवर पोचायचं कसं?" तो म्हणाला. "पोचलो तरी टाके धरणार नाहीत. खोकललात की उसवतील."

"मंग?"

"वजन उतरवा. तूप बंद, गोड बंद, बिडी बंद. रोज चाला. ओझं उचलायचं नाही, पाण्याची घागरसुद्धा नाही. तुरी घरात आल्या की या."

"डॉक्टरसाहेब, मी इथं कापून घ्याले आलो. उपाशी मराले नाही."

"उपाशी नाही हो, कमी. फरक कळतो ना?"

"नाही कळत," म्हणालो आणि उठलो. दारात पोचलो तर त्यानं मागून सांगितलं, "आणि त्या दिवशी कमरेचा करदोडाही काढावा लागेल."

तेवढ्यानं माझे पाय थांबले. आमच्याकडे करदोड्याला कात्री लागते ती माणूस मेल्यावर. तसाच गाडी धरून घरी आलो.

मायला एवढंच सांगितलं की पोटाचं ऑपरेशन आहे, आणि वजन उतरवायला सांगितलंय. दुसरं वाक्य तिनं ऐकलंच नाही.

"चिरनार तुले? मंग अंगात रगत पाहिजे, बापा."

बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. चूल धाकट्या बहिणीकडे, पण वाढायला माय. भाकरीच्या पोटात तूप, वरणावर तूप, झोपताना दूध. मी नको म्हणायचो आणि खायचो. बहीण माझे लंगोट शिवायची, त्यामुळे दुखणं कुठं आहे हे तिला न सांगता कळलं होतं. एक दिवस तिनं माझ्या ताटातली भाकर उचलून उभी धरली. तूप ताटात टपकलं.

"माय, दादाले मारून राह्यली का तू?"

"मी? मी मारून राह्यली?"

"हाव. तूप चारू चारू."

त्या दिवसापासून माझं ताट तिच्या हाती गेलं. ज्वारीच्या कण्या, अंबाडीची भाजी, पाण्यासारखं ताक. मी ओरडलो, "हे बैलाचं जेवन हाये."

"बैल गाडी ओढते," ती म्हणाली. "तू घागर उचलून दाखोव, तुले पोळी देतो."

डॉक्टरचं मी ऐकलं नसतं. हिच्यापुढे इलाज नव्हता.

बिडी सोडली. रोज मेडशीपर्यंत पायी जायचो, यायचो. रस्त्यावरच्या शेतातून लोक विचारत, "काय भाऊ, बैल हरपला का?" मी म्हणायचो, "हरपला. तुह्याच गोठ्यात बांधला दिसते." घरात वजनाचा काटा नव्हता, माझा काटा करदोडा. पूर्वी तो पोटात रुतून दिसेनासा झालेला. दिवाळीनंतर दिसायला लागला. संक्रांतीला चालता चालता कमरेखाली घसरायला लागला. माय म्हणाली, गाठ मारून आखूड करू. मी म्हटलं, हात लावायचा नाही. एवढं कमावलंय, ते दिसू दे.

दिसलं, पण लोकांना वेगळंच दिसलं. त्या काळी माणूस वाळायला लागला की लोकांच्या मनात एकच नाव यायचं, क्षय. त्यात बिडी सुटल्यानं मला खोकला लागलेला. पारावर मी बसलो की शेजारचा हळूच सरकायचा. एक जण फारच सरकला, तर मी त्याच्याकडे तोंड करून मुद्दाम खोकललो. तो उठून गेला. मी पाय पसरून बसलो.

पण बोलणं पारावर थांबलं नाही, मानोऱ्याकडे पोचलं. तिकडच्या एका घरी बहिणीचं जमत आलेलं. घर चांगलं, शेत कसणारं. निरोप आला की आमी येऊन राह्यलो, पण पोरीले पाहाले नाही, तिच्या भावाले पाहाले. क्षयाच्या घरची पोरगी कोणी करत नसे. हे मोडलं असतं तर पुढचं कोणी आमच्या अंगणात आलं नसतं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी माझाच धीर सुटला. बहिणीला म्हणालो, "आज तूप वाढ वं. गाल तरी भरतीन."

"एका दिसात गाल भरत नाहीत, दादा. अन् भरले तरी लगनानंतर बसतीन. मंग सासरी मी काय सांगू?"

कण्या वाढल्या. मी खाल्ल्या.

पाहुणे तिघं आले. नवरदेव, त्याचा बाप आणि त्याचा मामा. बाप कमी बोलणारा, त्याचं सगळं बोलणं मामाच्या तोंडी. ओसरीवर तुरीची पोती लावलेली, त्यांना टेकून बसले. मी अंगातली बंडी काढून ठेवली.

"पाहा. काय पाहाचं ते."

पोटाची कातडी रिकाम्या पोत्यासारखी लोंबत होती. मामानं पाहिली, करदोडा पाहिला, आणि म्हणाला, "भाऊ, लोक तर काहीही बोलतात. तुमी असं करा, हे एक पोतं उचलून त्या कोपऱ्यात ठेवा. आमचं समाधान होईन."

मी त्या पोत्याकडे पाहिलं. सहा महिने आधी असं पोतं मी बोलता बोलता खांद्यावर घेत होतो. माझे हात शिवशिवले, खरं सांगतो. उचललं असतं तर लगन जमत होतं, पण गाठ उतरली असती, आणि ह्या वेळी आत गेली नसती तर मी मांडव पाहिला नसता. नाही उचललं तर मी क्षयाचा. आणि खरं कारण सांगायचं तर सोयऱ्यांसमोर, दाराआड माय-बहीण उभ्या असताना, त्या जागेचं नाव घ्यायचं.

"नाही उचलत," मी म्हणालो.

"काहून?"

"मले अंतरगळ हाये. उजव्या जांघेत. ओझं उचललं की आतडं उतरते. अकोल्याच्या डॉक्टरनं वजन उतरवाले लावलं, कापाले सोपं जावं म्हनून. क्षय नाही, काही नाही. खोटं वाटत असन तर मामा, गोठ्यात चला. लंगोट सोडून दाखवतो."

मामा एकदम पोत्याची शिवण पाहायला लागला. नवरदेवाचा बाप खाकरला आणि त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. "मंग आपरेशन होऊ द्या तुमचं. तुमी उठून बसले की पाहू."

"नाही," मी म्हणालो. "माह्या जगन्या-मरन्यावर माह्या बहिनीचं लगन टांगून ठेवत नाही. आज हो म्हना, नाहीतर नाही म्हना. चहा दोन्हीत भेटन."

तेवढ्यात ती चहा घेऊन आलीच. कप खाली ठेवले, पदर सावरला, आणि मान न उचलता म्हणाली, "मामाजी, पोतंच उचलाचं असन तर नवरदेवाले उचलू द्या. माह्यं लगन त्याह्यच्याशी व्हाचं हाये, दादाशी नाही."

अशा बैठकीत पोरगी बोलत नसे. माय आतून "अवं" म्हणाली आणि तिथंच थांबली. नवरदेव इतका वेळ जमिनीकडे पाहत होता. तो उठला, पोत्याखाली खांदा घातला, उभा झाला, आणि मला नाही, तिला विचारलं.

"कुठं ठेवू?"

"कोपऱ्यात नोको, तिथं उंदरं हायेत. त्या माच्यावर ठेवा."

त्यानं ठेवलं. बापानं पोराकडे पाहिलं, मग मेव्हण्याकडे. "घ्या मामा," तो म्हणाला, "पोतं उचलल्या गेलं. आता तुमी कप उचला." हेच त्याचं हो होतं.

मग मी अकोल्याला गेलो. काय होतं ते सांगतो, म्हणजे भाच्याला माहीत राहील. आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. मागच्या बाजूनं नळी घालून पोट धुतात. जांघेचे केस काढतात. पाठीच्या कण्यात सुई देतात, मग कमरेखालचं अंग आपलं राहत नाही. ह्यातल्या कशाला मी नाही म्हटलं नाही. पण नर्सबाई कात्री घेऊन कमरेशी आली आणि दारात उभ्या मायचा चेहरा मी पाहिला.

"कात्री ठेवा, बाई."

"बाबा, हा काढावाच लागतो."

"काढतो ना."

उभा राहिलो. दोन्ही अंगठे करदोड्यात घातले आणि खाली लोटला. कमरेवरून उतरला, मांड्यांवरून उतरला, पायांशी पडला. करदोड्याची गाठ तशीच. उचलून मायच्या हातात दिला. डॉक्टर मागे उभा होता.

"म्हणजे मी सांगितलं ते केलंत तर."

"केलं. तुमच्यासाठी नाही केलं."

तो हसला. मी नाही हसलो.

नंतर पाठीवर पडून राहायचं. तहान फार लागते, ओल्या कापसानं ओठ पुसतात, तेवढ्यावर भागवायचं. खोकला आला की टाक्यांवर पालथा हात दाबून खोकलायचं. घरी आल्यावर मायनं तोच करदोडा पुन्हा घातला, दुहेरी करून. बहिणीचं लगन मानोऱ्याकडे, त्यांच्याच दारी लागलं. मांडवात मी एक ओझं उचललं नाही, आणि पंगतीत आग्रह करणाऱ्या मामासमोर ताटावर दोन्ही हात आडवे धरले. तो म्हणाला, "भाऊ, आमच्या घरचं अन्न नाही चालत का?" म्हटलं, "चालते. माह्या पोटात मावन तेवढं चालते."

तर भाच्या, लोक बोलतील. मलाही बोलले. कोणी विचारायच्या आधी तूच सांगून टाक, कुठं कापणार आणि काहून कापणार. आणि कोणी पोतं दाखवलं तर नाही म्हण. फारच अडून बसला तर तुझ्या बापाला हाक मार. आता उठता-बसता कण्हतो तो, पण येईल. आणि कुठं ठेवू, हे अजूनही तुझ्या मायलाच विचारील.