वारे गेले तेव्हा कुठे होते

डॉ. रघुवीर तोंडवळकर गेल्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास, मालवणच्या दक्षिणेकडील आपल्या गावी वारले. वय शेहेचाळीस. कारण मेंदूतील रक्तस्राव. दवाखान्यात रोग्याच्या दंडाला रक्तदाबाची पट्टी बांधत असताना ते खुर्चीवरून कलले आणि तासाभरात सर्व संपले. तार मला मुंबईत वर्तमानपत्राच्या कचेरीत मिळाली. तारेत चार शब्द होते. त्या दिवशी जिल्हावार्तांचे पान माझ्याकडे होते. मी तीन ओळींची बातमी केली, जागा नव्हती म्हणून एक ओळ कापली, आणि पान खाली पाठवून रजेचा अर्ज लिहिला.

आम्ही गावच्या शाळेत एका बाकावर बसलो होतो, म्हणून पुढे एकेरीत लिहितो. रघू मुंबईत डॉक्टरीचे शिक्षण घेत असताना दोन वर्षे गिरगावात आमच्याच खोलीत राहिला. माझे वडील, मी आणि तो. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी तो गावी परतला. पहिल्याच पावसाळ्यात त्याला एका घरी बोलावणे आले. पन्नाशीचा माणूस, उजवे अंग लुळे, वाचा गेलेली. घरच्यांनी सांगितले, ‘वारो गेलो.’ आमच्याकडे पक्षाघाताला अंगावरून वारे जाणे म्हणतात, आणि तसे म्हटले की कारण विचारायचे राहत नाही. कबुतराचे रक्त चोळून झाले होते, देवाला गाऱ्हाणे घालून झाले होते. रघूने दंडाला पट्टी बांधून रक्तदाब पाहिला. यंत्रातला पारा जवळजवळ टोकाला गेला. त्या रात्री त्याने मला पत्र लिहिले. हा माणूस आजारी पडण्याआधी त्याचा दंड कोणी पाहिला असता तर काय दिसले असते, असा त्यात प्रश्न होता.

त्यातून ती वही सुरू झाली. पक्षाघाताच्या प्रत्येक रोग्यासाठी एक ओळ: नाव, वय, राहणार, व्यवसाय, रक्तदाब, तंबाखू, घरात महिन्याला मीठ किती लागते, खारवलेली मासळी किती दिवस खातात. किनाऱ्यावरची आमची तीन गावे त्याने घेतली आणि तुलनेसाठी आत डोंगराच्या पायथ्याची तीन. रोग्यांबरोबर तो धडधाकट माणसांचाही रक्तदाब मोजू लागला. रविवारी पाऱ्याचे यंत्र पिशवीत घालून तो निघे. सुमतीवहिनी, त्याची पत्नी, वही घेऊन बरोबर असत, कारण त्याचे अक्षर त्यालाही लागत नसे. लोक थट्टा करत. भिकाजी तांडेल नावाचा म्हातारा त्याला म्हणाल्याचे मी स्वतः ऐकले आहे: “डाक्टरानू, तुमी हात आवळतास, आणि वारो पायातसून गेलो तर काय करतलास?”

“मगे पायाक पट्टो बांदतलंय,” रघू म्हणाला.

“बांदा. पण खारो बांगडो सोड म्हणशात तर पयलो तुमकाच बांदून घालतलंय.”

भिकाजीने बांगडा सोडला नाही. पुष्कळांनी सोडला. पेजेबरोबर खाऱ्याचा तुकडा हे ज्यांचे पावसाळ्यातले सगळे जेवण, त्यांनी रघूच्या शब्दाखातर तो बंद केला. कारण दहा वर्षांनी वहीत फरक दिसू लागला होता. किनाऱ्यावर पक्षाघाताचे रोगी आतल्या गावांपेक्षा कितीतरी जास्त होते, आणि मिठाचा रकानाही तसाच चढत गेला होता. रघूने त्यावर निबंध लिहिला. मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापकांनी तो वाचून लिहिले की डॉक्टरांच्या हिवाळी परिषदेत हा वाचावा, आणि पुढे या कामासाठी दोन माणसे व प्रयोगशाळेची मदत मिळू शकेल. खेड्यातल्या डॉक्टरला असे पत्र येत नाही. वहिनींनी ते देवघरात ठेवले होते.

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या मे महिन्यात मी गावी गेलो. निबंधाची भाषा एकदा नजरेखालून घाल, असे रघूने सांगितले होते. त्याच्या पडवीत बसून मी आकडे वहीशी ताडून पाहू लागलो. हे माझे रोजचे काम. तिसऱ्या पानावर माझ्या वडिलांचे नाव होते. राहणार: येथे. व्यवसाय: शेती.

माझे वडील मुंबईला गोदीत एकतीस वर्षे नोकरीला होते. एका सकाळी चाळीतल्या नळावर बादली उचलताना ते पडले. बारा दिवसांनी आम्ही त्यांना बोटीने गावी आणले. मालवण बंदरात चौघांनी त्यांना खुर्चीसकट होडीत उतरवले. नोकरी असल्याने मी रघूला न भेटताच पुढच्या बोटीने परतलो. आठ महिने ते गावच्या घरी अंथरुणावर होते आणि तिथेच गेले.

“बाबांचो वारो हयसर नाय गेलो,” मी म्हटले. “मुंबयत गेलो. नोकरीत आसतानाच.”

रघूने वही आपल्याकडे ओढली. माझ्या आईला तो काकी म्हणे. “काकीक मीयाच इचारलंय. बाबा खंय रवतत? ती म्हणाली, हयसरच, आणि खंय रवतले?” मग त्याने त्या ओळीवर बोट ठेवले. “माका वाटला, नोकरी सोडून इले आणि मगे पडले.”

वडिलांची नोकरी मुंबईला होती हे त्याला ठाऊक होते. त्याच खोलीत तो दोन वर्षे राहिला होता. पण आमच्या भागात मुंबईला नोकरी असते, राहणे गावाला. तीस वर्षे गिरगावात किंवा परळात काढलेला माणूस, कोणी विचारले तर गावचे नाव सांगतो. मीही तेच सांगतो. घरी चार गुंठे भात असले की व्यवसाय शेती. रघूने प्रश्न विचारला तो याच गावचा माणूस म्हणून, आणि उत्तर घेतले तेही तसेच. अंथरुणावरचा माणूस याच घरात पडला असणार, यात त्याला शंका आली नाही.

मग तो एकेक नाव वाचू लागला. जमले तिथे मी उत्तर दिले, उरलेले आत दाराशी उभ्या असलेल्या वहिनींनी.

“ह्यो?”

“मुंबय. गिरणीत.”

“ह्यो?”

“ह्यो हयसरच. पाडेली तो.” म्हणजे माडावर चढणारा.

“ह्यो?”

“मुंबय. तेका पडावातसून उतरवताना मीया बगलंय,” वहिनी म्हणाल्या.

दोन पाने झाल्यावर तो थांबला. आतल्या गावांतून मुंबईला जाणारे थोडे. तिथे माणूस जिथे राहत होता तिथेच पडत होता. आमच्या किनाऱ्यावर मात्र मुंबईत पडलेली माणसे मरायला घरी आणली जात होती आणि रघू ती किनाऱ्याच्या खात्यात लिहीत होता. मुंबईची माणसे वजा केली तर फरक किती उरतो, ते तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते.

त्या वेळी मी जे बोललो ते नोंदवणे भाग आहे. मी म्हणालो, “कोणाक कळतला? खाली एक टीप घाल आणि वाच.”

“पेपरात तू असाच करतंस?” त्याने विचारले. त्यात राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने प्राध्यापकांना पत्र लिहून निबंध मागे घेतला. कारण स्पष्ट लिहिले. उत्तर सहा आठवड्यांनी आले, दोन ओळींचे. दुरुस्त आकडे तयार झाल्यावर कळवावे, असे त्यात होते. दोन माणसांचा आणि प्रयोगशाळेचा उल्लेख नव्हता. मीठ निर्दोष आहे असे रघूने कधीही म्हटले नाही. आपल्या वहीने ते सिद्ध होत नाही, एवढेच तो म्हणे. ज्या घरांनी त्याच्या सांगण्यावरून खारे बंद केले होते त्या घरी जाऊन त्याने हेही सांगितले. काहींना ते समजले नाही. काहींनी समजून त्याला बोलावणे सोडले.

त्याने नवी वही केली आणि एक रकाना वाढवला: वारे गेले तेव्हा कुठे होते. जुन्या वहीतल्या प्रत्येक घरी पुन्हा जायचे होते. बरीच माणसे वारली होती, काही घरांना कुलूप होते, काही विधवा त्या दिवसाबद्दल बोलायला तयार नव्हत्या. शिवाय आता मुंबईही पाहणे आले. पावसाळ्यात बोटी बंद असत, तेव्हा तो एस.टी.ने येई आणि रविवारी आम्ही दोघे गावकऱ्यांच्या सामाईक खोल्यांवर जात असू. एका खोलीत वीस-पंचवीस माणसे पाळीने झोपत. पाळीवरून आलेली माणसे शर्टाच्या बाह्या सारून रांगेत बसत. पट्टी बांधण्याआधी रघू प्रत्येकाला घटकाभर गप्प बसवी आणि ते त्यांना सगळ्यांत कठीण जाई. अशाच एका रविवारी, शेवटच्या माणसानंतर, त्याने स्वतःच्या दंडाला पट्टी बांधून मला पारा वाचायला सांगितला. मी आकडा वाचला. त्याने पुन्हा वाचायला सांगितला. आकडा तोच होता.

पुढे तो सर्पगंधेच्या गोळ्या घेत असे. त्यांनी दाब उतरतो पण मन खाली बसते, असे त्याने एकदा लिहिले होते. सकाळी वही उघडावीशी वाटत नाही... त्यानंतरच्या पत्रात गोळ्या बंद केल्याचे होते. मी त्याला लिहिले की तू रोग्याला असे करू देशील का.  शेवटच्या पावसाळ्यात तो मुंबईला आला नाही. आधी गावची घरे संपवतो, असे त्याने कळवले होते.

तारेनंतर तिसऱ्या दिवशी मी पोचलो. अंत्यविधी उरकला होता. पडवीत माणसे बसली होती, त्यांत भिकाजी होता.  सुमतीवहिनींनी आत बोलावून नवी वही पुढे ठेवली. शेवटची ओळ त्यांच्या अक्षरात होती आणि ती मंगळवारीच लिहिलेली होती. नाव, वय, व्यवसाय डॉक्टर. रक्तदाबाच्या रकान्यात आदल्या आठवड्याचा आकडा. शेवटच्या रकान्यात ‘येथे’.

“ह्या रकान्यात काय लिवचा ता कोणाक इचारूचा लागला नाय, भावजी,” त्या म्हणाल्या.

परत विचारायची एकोणीस घरे राहिली होती. त्यांची यादी वहीत घडी करून ठेवलेली होती. मी ती उतरवून घेतली आणि मूळ कागद तिथेच ठेवला.

गेल्या गुरुवारी वहिनींचे पोस्टकार्ड आले. यादीतल्या दोन घरी त्या जाऊन आल्या. दोन्ही माणसे मुंबईत पडली होती.