पुन्हा न लावलेलं गाणं

“टॉकीजवाला नामदेव गेला,” असं हिंगणघाटहून आलेल्या एकाने मला वर्ध्याच्या स्टेशनावर सांगितलं. टॉकीज सोडून त्याला किती वर्षं झाली होती! शेवटपर्यंत तो कापसाच्या जिनिंगमध्येच राबला. पण गावाने त्याला टॉकीजमधून काही सुटू दिलं नाही...

नामदेव माझा शाळूसोबती. टॉकीजमध्ये तो मशीन चालवायचा. तेव्हा ‘समाजाचे डोळे उघडणारा’ म्हणून एक सिनेमा आला होता. एका पोरीला फसवून कोठ्यावर विकतात, मारतात, रडत रडत नाचायला लावतात. शेवटी ती नायकाच्या पायाशी विष पिऊन मरते, म्हणजे तो चांगल्या घरची मुलगी करायला मोकळा. डोळे कसले उघडतात? कॅमेरा सगळा वेळ तिच्या अंगावर, आणि उपदेश शेवटच्या दोन वाक्यांत. मला त्या सिनेमाची किळस आली होती, अजून येते.

गाणं आवडलं की लोक पडद्यावर पैसे फेकत, शिट्ट्या मारत आणि नामदेव तेच रीळ पुन्हा लावी, अशी तिथली रीतच होती. त्या दिवशी मी त्याच्याजवळच उभा होतो. पोरगी मार खाऊन नाचू लागली आणि खाली नुसता गोंधळ. मालक धावत वर आला.

“काऊन बे, पब्लिक मांगून राह्यली ना! लाव पुन्हा!”

“त्या पोरीले दुसऱ्यांदा नाई रडवत मी,” नामदेव म्हणाला आणि त्याने मशीन बंद करून दिवे लावले.

इथेच त्याचं चुकलं. घरंदाज बायका बाजूला कापडी पडदा लावून वेगळ्या बसत. बाजारामागच्या गल्लीतल्या बायकांना तिथे मज्जाव, त्यांना दाराजवळचा उघडा बाक. त्या दिवशी बाकावर एकच बाई होती. उजेड पडताच सगळ्या माना तिच्याकडे वळल्या आणि शिट्ट्या तिच्यावर सुरू झाल्या. पैसेसुद्धा फेकले मेल्यांनी! नामदेव जिना उतरून धावला, तिला गर्दीतून बाहेर काढलं आणि स्वतःच्या घरी घेऊन गेला. नोकरी त्याच दिवशी गेली. सिनेमा मात्र पुढे कित्येक आठवडे तुडुंब चालला आणि नामदेवने बाई ठेवली, असं गाव चवीने बोलत राहिलं.

परवा त्याच्या तेरवीला मी गेलो होतो. पंगतीत एकाने डोळा मिचकावून विचारलंच, “थे बाई कोन होती हो?”

नामदेवची बायको शांताबाई वाढत होती. तिने ऐकलं. पातेलं खाली ठेवून ती म्हणाली, “चहा घेतलता तिनं आमच्या घरी. लय वेळ रडली. मंग आमच्या याईले एवढंच इचारलं, थे पोरगी शेवटी घरी जाते का म्हून. याईनं सांगतलं, जाते.”

पंगतीतल्या सगळ्यांनी तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिला होता.