नारळ फुटतानाचा फोटो

मोठा कॅमेरा मी विकला तो मानेमुळे. डॉक्टर म्हणाले, गळ्यात वजन अडकवणं बंद. म्हणून मग तळहातात मावणारा घेतला. पिशवीत जादा बॅटरी, भिंग पुसायचं फडकं, खाऱ्या वाऱ्यासाठी प्लास्टिकची पिशवी आणि पाण्याची बाटली. एवढंही आता जड वाटतं, ती गोष्ट वेगळी.

नारळी पौर्णिमेला सकाळपासून नारळीभात, नैवेद्य, पाहुण्यांचा चहा हे सगळं उरकून दुपारी मालवणच्या बंदरावर जायचं होतं, बायकांच्या नारळ लढवण्याच्या स्पर्धेला. खरं तर मला झोप हवी होती. पण थोरल्या जाऊबाई उतरणार होत्या. त्या दर वर्षी उतरतात. यंदा माझे मोठे दीर बोटीवरून फोनवर त्यांना म्हणाले होते, "आता पुरे. तुजो हात थरथरता. लोकांत हसा करून घेव नको."

त्या फोन ठेवून माझ्याकडे आल्या. "फोटो असो काढ गो, माजो हात नीट दिसाक होयो. ह्यांका धाडूचो आसा."

खेळ साधा आहे. एकीने आपला नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसरीने आपला नारळ त्यावर वरून हाणायचा. जिचा फुटेल ती बाद. धरणारी तयार झाली की म्हणते, "मार गो!" धरणारीचा हात हलला तर घाव तिरका बसतो आणि बहुधा तिचाच नारळ जातो. फोटो काढणाऱ्याला ही हाक सोयीची पडते. फुटल्याचा आवाज ऐकून बटण दाबलं तर उशीर होतो, म्हणून मी "मार" ऐकताच दाबते. कॅमेरा पटापट फोटो घेत सुटतो.

पहिल्या फेरीत नारळ जाऊबाईंनी धरला होता. मी गुडघ्यावर बसले. मागून एक बाई म्हणाली, "ह्यो काय गो कॅमेरो? माका वाटला पावडरीची डबी!" सगळ्या हसल्या. त्या हसण्यातच कुणीतरी ओरडलं, "मार गो, मार!" मी बटण दाबलं. जाऊबाईंनी अजून तोंडही उघडलं नव्हतं. कॅमेऱ्याने भराभर फोटो घेतले, त्याचं पोट भरलं आणि पडद्यावर चक्र फिरत राहिलं. छोट्या कॅमेऱ्यांचं हे असंच. एकदा भरला की सगळं साठवून होईपर्यंत तो ऐकत नाही. तेवढ्यात खरी हाक आली, घाव बसला आणि समोरच्या बाईचा नारळ फुटला. जाऊबाई जिंकल्या. माझ्याकडे त्यांचे फक्त वाट बघतानाचे फोटो होते.

"गावलो मा?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"पुढच्या वेळी," मी म्हटलं.

दुसऱ्या फेरीआधी मी सलग फोटो घेणं बंद केलं. दर वेळी एकच फोटो, आणि कान सोडून मारणारीच्या कोपरावर नजर. आभाळ भरलेलं होतं, कमी उजेडात फोटो दाणेदार, खरखरीत येणार हे दिसत होतं, तरी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावरच ठेवलं. गुडघे दुखत होते. पडद्यावरून मान वर केली तेव्हा जाऊबाईंची मूठ उघड्या डोळ्यांनी दिसली. नारळ बारीक थरथरत होता. बोटं आवळून त्या तो थांबवू बघत होत्या आणि तो थांबत नव्हता.

"मार गो!"

कोपर खाली आलं, मी दाबलं. नारळ फुटला. जाऊबाईंचा.

त्या येऊन माझ्या शेजारी कठड्यावर टेकल्या आणि पदराने मनगटावरचं पाणी टिपलं. मी फोटो दाखवला. मला त्या दिवशी मिळालेला तो एकच चांगला फोटो. नारळाची चीर उघडलेली, पाणी हवेत उडालेलं आणि त्याखाली त्यांची मूठ, दगडासारखी. एक बोट हललेलं नाही.

"हरतानाचो काढलंस मगे," त्या म्हणाल्या. मग कॅमेरा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. "पण हात बघ. हललो खंय?"

सेकंदाच्या हजाराव्या भागात कुणाचाच हात हलत नाही. वाऱ्यातलं पानही हलत नाही.

"ह्योच धाड ह्यांका," त्या म्हणाल्या. "आणि लिही, नारळच कच्चो होतो."

मी कॅमेरा फोनला जोडला, फोटो पाठवला आणि खाली त्या म्हणाल्या तसंच लिहिलं.