घड्याळबाई आणि मिस्त्रींचा जिना

तिला सगळे घड्याळबाई म्हणत, आणि तिला त्याचा केवढा अभिमान! कॅन्सरच्या हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर नव्या औषधांचं संशोधन चाले, तिथली ही नर्स. औषध दिलं की ठरलेल्या वेळेला रक्त काढायचं, नळीवर चिठ्ठी लावायची आणि बर्फात घालून प्रयोगशाळेत धाडायचं, हे तिचं काम. त्यात मिनिट इकडचं तिकडे होत नसे. पेशंट झोपलेला असो, ओकत असो, त्याची बायको शेजारी डोळे पुसत असो, घड्याळबाई ट्रे घेऊन हजर. "हात सरळ ठेवा, काका." संशोधनाचे प्रमुख, म्हणजे मोठे डॉक्टर, चारचौघांत तिचं कौतुक करायचे. कौतुकाला काय, तोंडच तर हलवायचं असतं.

तिला शिकवलं काय काय होतं ते ऐकाच. फ्रिज किती थंड हवा यावर एक अख्खा दिवस. चुकलेला आकडा खोडायचा कसा आणि बाजूला सही कुठे करायची यावर दुसरा. आता या मजल्यावर माणूस यायचा तोच मुळी बाकी सगळे उपाय हरल्यावर. म्हणजे मरण हे इथलं नेहमीचं काम. त्याचं काय शिकवलं? डोंबल!

एकदा तिने धीर करून मेट्रनला विचारलंही होतं, "मॅडम, मरणाऱ्या माणसाशी बोलायचं कसं, ते शिकवा की आम्हाला."

मेट्रन हसली. "अगं, त्यात काय शिकायचंय? आपण बायका ना! आपल्याला ते उपजतच येतं."

उपजत येतं म्हणे! घड्याळबाईचे सासरे घरी शेवटच्या घटका मोजत होते, तेव्हा ही स्वयंपाकघरात घासलेलीच भांडी परत घासत बसली होती. जवळ जाऊन बोलायचं काय, हे तिला कळेना. पण मेट्रनपुढे ती मूग गिळून बसली आणि कामाला लागली.

अशात मिस्त्री आले. आयुष्यभर विटा रचलेला माणूस, तळहात खरबरीत, जीभ त्याहून खरबरीत. राहायचे तिसऱ्या मजल्यावर, आणि वर जायला गोल फिरणारा अरुंद जिना. "तो जिना बांधणारा गाढव होता," मिस्त्री सांगायचे, "मी चांगला ओळखतो त्याला. रोज दाढी करताना भेटतो." त्यांची बायको पदराआड हसायची. घड्याळबाईही हसायची, पण हात हलू न देता.

नवीन औषधाने सुरुवातीला बरं वाटलं. मग पाठ धरली, आणि मिस्त्रींना भरती करून घेतलं. नवा स्कॅन आला तो घड्याळबाईनेच मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. इतकी वर्षं असले स्कॅन हाताळलेल्या बाईला काय कळायचं ते कळलं. आजार मणक्यात उतरला होता.

त्याच दिवशी मिस्त्री भिंतीला धरून खोलीतल्या खोलीत फिरत होते. ती ट्रे घेऊन आली तसे पलंगावर बसले. "सिस्टर, एक विचारतो, सरळ सांगा. मी यातून उठणार का? नसेन तर आत्ताच घरी जातो. आज पाय चालतायत, थांबत थांबत चढेन. एकदा पाय गेले, की त्या वळणावर स्ट्रेचर वळत नाही आणि ही पाठ कोणाला उचलू द्यायची नाही. मला माझ्या खिडकीपाशी मरायचंय, इथं नाही."

बायको उठून उभी राहिली. दोघं तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

घड्याळबाईने घड्याळाकडे बघितलं. "हात सरळ ठेवा, काका," ती म्हणाली. "डॉक्टर बोलतील ना."

डॉक्टर बोलतील! तिने विचारलं तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, "औषधाची ही फेरी तेवढी पुरी होऊ दे, नाहीतर आपली आकडेवारी लंगडी पडते. आणि वाईट बातमी देणं आपलं काम नाही, ते वॉर्डच्या डॉक्टरांचं." वॉर्डचे डॉक्टर म्हणाले, "छे हो, तो तुमच्या संशोधनाचा पेशंट. आम्ही कशाला मध्ये पडू?" शिकलीसवरलेली माणसं, आणि एका म्हाताऱ्याला चेंडूसारखं टोलवत बसली. ही आपली दोघांच्या मध्ये ट्रे घेऊन उभी. बोलायला तिला कोणी बंदी केली नव्हती, बरं का. पण जीभच रेटेना.

आणि नेमकं तेव्हाच तिने मागितलेलं ते प्रशिक्षण झालं! कुठून तरी वरून फर्मान आलं असावं. बाहेरून एक साहेब आले, अत्तर असं की आधी वास आला आणि मग साहेब. पडद्यावर मावळता सूर्य. "सहानुभूतीची पाच पावलं," साहेब म्हणाले. पावलं चालून झाल्यावर नाटक. एकीने पेशंट व्हायचं, एकीने नर्स. बायका एकमेकींना ढकलत खिदळायला लागल्या. घड्याळबाईला टेबलावर आडवं केलं. नर्स झालेली पोरगी हसू दाबत म्हणाली, "काय होतंय, आजी?"

घड्याळबाई छताकडे बघत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "मी यातून उठणार का? नसेन तर आत्ताच घरी जाते. अजून पाय चालतायत."

खिदळणं थांबलं. पोरीने साहेबांकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"वा!" साहेब म्हणाले. "फार छान प्रश्न! यावर आपण जेवणानंतर येऊ."

जेवणानंतर प्रमाणपत्रं वाटली आणि ग्रुप फोटो काढला. मेट्रन मधोमध उभी होती.

घड्याळबाई प्रमाणपत्र तिथेच खुर्चीवर टाकून उठली. आज बोलायचंच. औषधाची फेरी संपत आली होती आणि मिस्त्रींच्या रक्ताची वेळही झालीच होती. तिने ट्रे उचलला आणि ती तडक खोलीत गेली.

मिस्त्री पडून होते. कमरेखालचं पांघरूण सकाळी घातलं तसंच्या तसं होतं, घडी न मोडलेलं. बायको त्यांचे तळवे चोळत होती.

घड्याळबाईने ट्रे बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली. "काका," ती म्हणाली, "तुम्ही यातून उठणार नाही. औषधाचा उपयोग झाला नाही."

बायकोचे हात थांबले. मिस्त्रींनी मान तिच्याकडे वळवली.

"केव्हापासून माहीत होतं?"

आता खोटं बोलायलाही तिला जमेना. "तुम्ही विचारलंत ना, जिन्याचं. त्या दिवसापासून."

"तेव्हा मी चालत होतो, सिस्टर."

"हो."

"चढलो असतो."

"हो, काका." ती रडायला लागली. मिस्त्रींची बायको रडली नाही. ती नुसती तिच्याकडे बघत राहिली, आणि घड्याळबाईला ते बघणं सोसेना.

मिस्त्रींनी बाही वर केली आणि हात सरळ केला. "घ्या रक्त," ते म्हणाले. "तेवढंच शिकवलंय ना तुम्हाला?"

समोर घड्याळात वेळ झाली होती. तिने डोळे पुसले, सुई उचलली आणि रक्त घेतलं.