दोन हॉर्न आणि मागचं डावं चाक

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि हे सगळं लिहून झाल्यावरही बसणार नाहीये. मी रत्नागिरीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवते. वर्गात पोरं भुताखेतांच्या गप्पा मारायला लागली की मी त्यांना घर्षणाची गणितं देते. या ग्रुपवर आलेले बरेच अनुभव मी वाचलेत आणि निम्म्यांच्या खाली खोचक कमेंटही केल्यात. तेव्हा आता तुम्ही माझ्यावर केल्यात तरी तक्रार नाही… फक्त पूर्ण वाचून मग करा.

गाडी माझ्या मामाची. तो जहाजावर इंजिनिअर होता. तीसेक वर्षांपूर्वी त्याने ही दोन सीटची स्पोर्ट्स कार बाहेरून आणली आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर माझ्या गळ्यात घातली. लाल, बुटकी, मागे सीटच नाही. तेव्हापासून बारा वर्षं तिला हात लावला तो फक्त दाजी मेस्त्रींनी.

हातखंब्याच्या थोडं अलीकडे, रस्त्याला लागून त्यांची पत्र्याची शेड. त्यांची तपासायची पद्धत एकच. मी शेडसमोर दोन हॉर्न द्यायचे, ते हात पुसत बाहेर यायचे, डाव्या सीटवर स्वतःला कोंबायचे (माणूस सहज पंच्याण्णव किलोचा) आणि आम्ही पालीपर्यंत ट्रायल घ्यायचो. वाटेत एक अक्षर बोलायचे नाहीत. पालीच्या टपरीवर चहाचा अर्धा ग्लास संपला की मग सांगायचे काय बिघडलंय ते. बारा वर्षांत एकदाही चुकले नाहीत, आणि याचा मला थोडा रागही यायचा.

रुंद चाकं हे माझं जुनं खूळ. मूळची चाकं त्या गाडीखाली अगदीच किरकोळ दिसायची. एकशे पंच्याऐंशीचे टायर काढून दोनशे पंधराचे टाकायचे, चाकं जरा बाहेर आणायची, म्हणजे गाडी रस्त्यावर कशी ठाण मांडून बसेल! मेस्त्रींनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, डाव्या सीटवर वजन आलं की मागचा डावा टायर मडगार्डच्या कडेला घासणार. मी कागदावर हिशोब मांडून दाखवला. त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. शब्दाने शब्द वाढला.

"टाक तू," ते शेवटी म्हणाले. "पण त्या चाकांवर मी नाय बसणार, बाय. माझा शब्द आहे."

"नका बसू," मी म्हटलं आणि निघाले.

त्यानंतर आठ महिने मी शेडकडे फिरकले नाही. त्यांना बरं नाही हे मधे कळलं होतं. तरी गेले नाही. नवी चाकं बसवून, कुठे ओरखडा न येता, ऐटीत त्यांच्या दारात जायचं असं मनाशी ठरवलं होतं. चाकं यायच्या आधीच मेस्त्री गेले. मला याची लाज वाटते. कुणी विचारायच्या आत मीच लिहून टाकते.

चाकं बसवली संदेशने. त्याचं शहरात टायरचं दुकान आहे. टायर घासतो का हे बघायला त्याने मडगार्डच्या आतल्या कडेला पानाला लावतात तो चुना फासला. टायर टेकला की चुना पुसला जातो आणि टायरवर पांढरी रेघ उठते. मी एकटी भाट्याच्या पुढे पावस गावापर्यंत, वळणावळणाने जाऊन आले. चुना जसाच्या तसा. डाव्या सीटवर पन्नास किलोची सिमेंटची गोणी ठेवली, तरी तसाच. दोन गोण्या ठेवल्यावर मात्र रेघ उठली. म्हणजे मेस्त्री बरोबर होते, पण तेवढा वजनदार माणूस शेजारी बसला तरच. मी एकटीच चालवते, त्यामुळे मी विषय संपवला.

पुढच्या रविवारी सकाळी नऊला पालीच्या रस्त्याला लागले. शेड बंद होती, कुलूप घातलेलं. मला काय झालं कोण जाणे, गाडी थांबवली आणि दोन हॉर्न दिले. वर मोठ्याने म्हणाले, "चला मेस्त्री, ट्रायल घेऊ. बसणार नव्हतात ना?"

निघाले. पहिल्याच खळग्याला मागून डावीकडून खर्रर्र… पुढच्या खळग्यालाही तेच. पालीपर्यंत सात-आठ किलोमीटर हा आवाज चालू होता. टपरीजवळ उतरून वाकून बघितलं, तर चुना पुसलेला आणि टायरवर पांढरी रेघ. परतीला पुन्हा शेडपर्यंत खर्रर्र. तिथे नकळत ब्रेक दाबला गेला, आणि तिथून घरापर्यंत गाडी गुपचूप.

खरं सांगू? मला भीती वाटली नाही. पहिला विचार आला तो असा, की बसले की नाही शेवटी! आणि मग गाडी घरासमोर लावून मी बराच वेळ रडले.

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मागच्या स्प्रिंगा नव्या टाकल्या. हवेचा दाब तपासला. त्याच रस्त्याने, त्याच वेगाने, हॉर्न न देता गेले, तर चुना शाबूत. हॉर्न देऊन गेले की रेघ. पाच रविवार हाच खेळ केला. सहाव्या रविवारी संदेशला बाइकवरून मागे यायला लावलं. पालीला पोचल्यावर तो चुन्याकडे न बघताच म्हणाला, "मॅडम, गाडी डावीकडे बसलेय."

गेलेल्या माणसाला त्याच्या दारात उभं राहून 'चला' म्हणायचं नसतं, आमच्याकडे लहान पोरालाही कळतं, असं तो म्हणाला. गुरवाकडून देवाला गाऱ्हाणं घालून घ्या, नारळ द्या, नाहीतर हॉर्न देऊ नका. मी म्हटलं, बारा वर्षं ज्यांच्या दारात हॉर्न दिला त्यांच्या दारावरून आता चोरासारखी जाऊ? आणि गाऱ्हाणं घालायचं ते काय म्हणून? हा माणूस इथून जाऊ दे म्हणून? ते मला नकोच होतं.

पण संदेशच्या तोंडून बातमी मेस्त्रींच्या बायकोपर्यंत गेली. काकींनी मला घरी बोलावलं. त्यांनी आजवर माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आता एकच मागणं होतं, चाकं काढ. त्यांच्या मते, नवऱ्याने आयुष्यभर शब्द पाळला आणि मी त्याला तो दर रविवारी मोडायला लावतेय, म्हणून तो सुटत नाही. मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा मला नाही म्हणवेना. म्हटलं, काकी, एकदा गाडीत बसा, स्वतः ऐका. मग तुम्ही म्हणाल तसं. जुनी चाकं तयार ठेवायला मी संदेशला सांगूनही ठेवलं.

काकी जेमतेम पन्नास किलोच्या. पदर घट्ट धरून डाव्या सीटवर बसल्या. मी शेडसमोर दोन हॉर्न दिले. मग एकही खळगा चुकवला नाही, उलट शोधून शोधून गाडी खळग्यांत घातली. काकी आणि ते मिळून तर टायर कापलाच गेला असता.

एकदाही आवाज आला नाही. पालीला वाकून बघितलं, चुना बोटाने फासला होता तसाच. मला इतकं रिकामं वाटलं… वर काकींसमोर खोटं पडल्यासारखंही. मी काहीतरी सारवासारव करायला लागले. काकींचं लक्ष नव्हतं. त्या आलेल्या रस्त्याकडे बघत होत्या.

"आला होता तो," त्या म्हणाल्या. "मला बघून जागा दिलीन." मग हसल्या. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच."

चाकं काढू का, मी विचारलं. त्यांनी मान हलवली, नको. त्याला बसायचंय तर बसू दे, शब्दाचं तो बघेल, म्हणाल्या. मग पिशवी उचलून त्या थेट एसटीच्या थांब्याकडे चालायला लागल्या. मी मागे धावले, घरी सोडते म्हटलं.

"मी नाय येत," त्या म्हणाल्या. "मी बसले तर तो तिकडे रस्त्यातच उभा राहतो."

मी एकटी परत फिरले. शेडपर्यंत गाडी शांत. तिथे थांबले, दोन हॉर्न दिले, गाडी वळवली आणि पुन्हा पालीला निघाले. पहिल्या खळग्याला खर्रर्र.

याला आता वर्ष होत आलं. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. आकडे सगळे आहेत, कुणाला हवे असतील तर देईन, आणि यातून काही निघालं तर मला जरूर कळवा. फक्त चाकं काढायचा सल्ला देऊ नका. मागच्या डाव्या टायरची कड आता बरीच झिजलीय. संदेश म्हणतो, पावसाळ्याआधी बदलावाच लागेल. नवा सांगून ठेवलाय, त्याच मापाचा.