अंगठा माझा आहे

चुलतबहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा काकाने मला खुर्चीसकट उचलून मागच्या खोलीत, कापसाच्या गंजीआड नेऊन ठेवलं. एका पाहुण्याने डोकावून विचारलं, "ही कोण?"

"भावाची पोर. पागल हाय. तिला काय कळून राह्यलं!"

काका हसला. पाहुणाही हसला.

मला कळत होतं. सगळं.

जन्मले तेव्हा मी बराच वेळ रडले नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडला. काका सांगायचा, वहिनीनं ग्रहण पाळलं न्हाई. खोटं. भोकरदनच्या शिबिरात डॉक्टरबाई आईशी नाही, माझ्याशी बोलल्या. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. स्नायूंना हुकूम देणाऱ्या भागाला इजा झाली. तुझी समज शाबूत आहे. लाळ गळते, कारण ओठ वेळेवर मिटत नाहीत. शब्द तुटतात, कारण जीभ उशिरा ऐकते. काही मुलांच्या समजेलाही धक्का बसतो. पण मी म्हणते, त्यांनाही गंजीआड ठेवायचा हक्क कोणाला नाही.

बाबा गेले, त्यांच्या जमिनीत आईबरोबर माझंही नाव लागलं. मग एक दिवस काकाने माझ्यासाठी नवा ड्रेस आणला. जिलेबी आणली, स्वतःच्या हाताने भरवली. आजवर पाण्याचा गिलास न दिलेला माणूस. याला काय हवंय?

आईला म्हणाला, "वहिनी, पोरीला जन्मभर मी सांभाळतो. तिचा हिस्सा तेवढा माझ्या नावावर करू. बिलकुल घोर करू नका."

आईने मान हलवली. मला कोणी विचारलं नाही.

नोंदणी कार्यालयात साहेबांनी विचारलं, "मुलीला समजतं का?"

"सगळं समजतं साहेब! लई हुशार हाय. राजीखुशीनं देऊन राह्यली."

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्यापासून.

त्याने माझा हात अंगठ्याच्या यंत्राकडे ओढला. ओढलं की माझे स्नायू आणखी आवळतात. मूठ घट्ट मिटली, अंगठा आत.

"उघड ना माय, जल्दी," तो कानाशी म्हणाला.

मूठ आजाराने आवळली होती. ती सैल पडू द्यायची नाही, हे मी ठरवलं.

"न्हा... न्हाई."

"हो म्हणती साहेब."

"न्हाई. दे... णार न्हाई."

साहेबांनी कागद परत केले.

जीपमध्ये काका म्हणाला, "बराबर पांग फेडले गं!" आई पदराआड रडत होती. घरी गेल्यावर मी तिला सांगितलं. बराच वेळ लागला, तिने ऐकलं. जमीन विकायची नाही. लिहून द्यायची नाही. बटईने, पिकाच्या वाट्यावर, कसायला द्यायची, आणि बोलणी होतील तेव्हा मी समोर बसणार.

आता कोणी गोड बोललं की मी आधी त्याचं काम विचारते. माझं वाक्य संपेपर्यंत समोरच्याने थांबायचं. माझ्या वतीने "हो" म्हणायचा अधिकार मी कोणालाच दिलेला नाही. देणार नाही.